कुंचला आणि बोट

रंगवलेला चेहरा खरा की खोटा, हा वाद फार जुना आहे आणि तो बहुधा कधी मिटायचा नाही. एक पक्ष म्हणतो, जन्माने मिळालेल्या तोंडावर रंग चढवणे ही पाहणाऱ्याची फसवणूक आहे. दुसरा पक्ष म्हणतो, भिंतीला आपण चुना देतो, दारात रांगोळी घालतो, मग चेहऱ्यानेच असा काय अपराध केला आहे? दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर मला नेहमी एक गोष्ट खटकत आली आहे. दोघेही बोलतात ते रंगाविषयी. तो रंग कोणत्या साधनाने लागला, ते साधन कशाचे केलेले होते, कोणाच्या हाती होते आणि काम झाल्यावर ते धुतले की नाही, याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. माझे म्हणणे असे की, रंगभूषेला काही नीती असेल तर ती रंगाच्या डबीत सापडायची नाही. ती कुंचल्यापाशी शोधली पाहिजे.

हे म्हणणे काहीसे विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. तेव्हा ते मांडण्याचा मला काय अधिकार, हे आधी सांगून टाकते. जिल्ह्याच्या गावी हौशी नाटकमंडळींची आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतल्या मुलांची तोंडे रंगवण्यात माझी चाळीसएक वर्षे गेली. पोटापाण्याचा उद्योग शिक्षिकेचा. रंगपेटी ही आवड. या आवडीने मला मानधन फारसे दिले नाही. पण माणसाचा चेहरा एका वितीच्या अंतरावरून पाहण्याची संधी दिली. इतक्या जवळून चेहरा आई पाहते, डॉक्टर पाहतो, न्हावी पाहतो, आणि मग आम्ही. त्या अंतरावरून जे विचार सुचले तेच येथे लिहिते आहे.

नवख्या मुली माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा त्यांच्या पेटीत वीस-पंचवीस कुंचले असतात. मी त्यांतले पाच बाजूला काढते. पावडरीसाठी एक रुंद, मऊ, घुमटासारख्या माथ्याचा. गालांसाठी त्याच जातीचा पण लहान. भुवईसाठी तिरपा कापलेला, आखूड आणि ताठ केसांचा. डोळ्याच्या रेघेसाठी बारीक टोकाचा. आणि ओठांसाठी चपटा. बाकीची उणीव स्पंजाचा तुकडा भरून काढतो. कुंचला घेताना तो मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा; तेथील कातडी नाजूक असते आणि खोटे बोलत नाही. केस हलकेच ओढून पाहावेत. दोनचार हातात आले तर तो कुंचला दुकानातच राहू द्यावा. माथा दाबून सोडला की तो आपल्या मूळ आकाराला आला पाहिजे. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर धरून राहते आणि मग ती चेहऱ्यावर सारखी उतरते. नायलॉनचा धागा गुळगुळीत असतो. तो ओला रंग पीत नाही, म्हणून पातळ किंवा तेलकट रंगाला तोच बरा. हे झाले निवडीचे. वापराचे एकच सूत्र आहे: कुंचला दांड्याच्या जितका मागे धरावा तितका हात हलका पडतो. बाकी सारे सवयीचे काम आहे.

आता प्रश्न असा की, मुळात कुंचला हवाच कशाला? रंग तर बोटानेही लागतो. आपल्या आज्या-पणज्यांनी मेणाचे बोट कपाळावर टेकवून त्यावर कुंकू रेखले, आणि तेही असे रेखीव की कंपासने काढावे. फणेरपेटीत आरसा असे, फणी असे, करंडा असे, कुंचला नसे. मग बोट आणि चेहरा यांच्यामध्ये हा लाकडाचा, पत्र्याचा आणि केसांचा तिसरा पदार्थ आला कशासाठी?

तो फार पूर्वी आला, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. डोळ्यांत अंजन घालण्याची काडी, म्हणजे शलाका, ही आपल्याकडील प्रसाधनाच्या सर्वांत जुन्या हत्यारांपैकी एक आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याच्या अशा काड्या सापडल्या आहेत. गंमत अशी की, जी काडी डोळा सुंदर करी तीच डोळा बराही करी. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी डोळे, कान, नाक, मुख यांच्या रोगांचा विचार करणाऱ्या अंगाला शालाक्यतंत्र म्हणतात, ते या शलाकेवरून. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे गुरुवंदनेच्या ज्या श्लोकाने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा सुरू झाली, त्यात गुरू अज्ञानाने आंधळ्या झालेल्या शिष्याचे डोळे उघडतो तो याच अंजनाच्या काडीने. म्हणजे नटवणे, बरे करणे आणि ज्ञान देणे या तीन क्रियांना आपल्या पूर्वजांनी एकच हत्यार दिले. प्रसाधन म्हणजे निव्वळ लबाडी असे त्यांना वाटत असते, तर गुरूच्या हाती त्यांनी ही काडी खचित दिली नसती.

काडी का लागते, तर डोळा नाजूक आहे म्हणून. बोट जाड असते. ते डोळ्यात गेले तर इजा होईल. येथेच साधनाचा पहिला नैतिक अर्थ हाती लागतो. दुसऱ्याच्या ज्या भागाला आपल्या उघड्या हाताने स्पर्श करण्याचा आपल्याला अधिकार नाही, किंवा धीर नाही, तेथे आपण साधन पुढे करतो. कुंचला हा मर्यादेचा हात आहे. कथकलीत चुट्टीचा कारागीर तांदळाच्या पिठाची आणि कागदाची ती पांढरी कड नटाच्या जबड्याभोवती बसवतो तेव्हा नट तासन्‌तास जमिनीवर उताणा, डोळे मिटून पडलेला असतो. आमच्या कोकणातला दशावतारी आपले तोंड आपणच रंगवतो. त्याला कोणापुढे डोळे मिटावे लागत नाहीत. दोन्ही रीती चांगल्याच. पण जेथे एक माणूस दुसऱ्यापुढे डोळे मिटून तोंड वर करतो, तेथे दुसऱ्यावर एक जबाबदारी येते. कलेचा आणि हिचा संबंध नाही. भरवशाने पुढे केलेल्या वस्तूची जी जबाबदारी असते ती ही.

या जबाबदारीचा पहिला हिस्सा अगदी साधा आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो: कुंचला स्वच्छ ठेवणे. एकाच काजळकाडीने रांगेतल्या वीस मुलांचे डोळे रेखले आणि त्यांत एकाचे डोळे आलेले असले, तर नाटकानंतरच्या आठवड्यात अर्धा वर्ग घरी बसतो. कुंचला सौम्य साबणाने, कोमट पाण्यात, टोक खाली ठेवून धुवावा, आडवा वाळवावा. उभा वाळवला तर पाणी पत्र्याच्या नळीत उतरते, आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. हे नियम स्वयंपाकघरातल्या नियमांसारखे आहेत. त्यांत तत्त्वज्ञान काही नाही असे कोणी म्हणेल. पण मला वाटते, आहे. जो माणूस पुढच्या, अजून न आलेल्या चेहऱ्यासाठी कुंचला धुतो, तो आपल्याला न दिसणाऱ्या माणसाचा विचार करत असतो. नीतीचा आरंभ याहून वेगळा कोठे होतो, मला ठाऊक नाही.

रंगानेही माणसे मारली आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. जुन्या रंगपटांत सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग ही नावे सर्रास ऐकू येत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे. युरोपातही शिशाच्या पांढऱ्या लेपाने कित्येक पिढ्यांची कातडी आणि आयुष्ये खाल्ली. लुडविग लाइश्नर हा स्वतः ऑपेरात गाणारा माणूस. त्याने १८७३ साली बर्लिनमध्ये शिसे नसलेले तेलकट रंग तयार करण्याचा उद्योग उभारला. ज्याच्या तोंडाला रंग लागत होता त्यानेच तो निर्विष करण्याचा प्रयत्न करावा, यात नवल नाही. ज्यांना रंग नुसता पाहायचा होता त्यांची तक्रार कधीच नव्हती.

साधनाचा दुसरा प्रश्न असा: कुंचल्याने कोणाची इच्छा पुरी करायची? याचे उत्तर ‘ज्याचा चेहरा त्याची’ असे चटकन देता येते. पण ते पुरत नाही. एका शाळेच्या संमेलनात वस्त्रहरणाचा प्रवेश होता. द्रौपदी झालेली मुलगी सावळी, नव्हे, चांगली काळी होती. तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “हिला जरा उजळ करा हं. द्रौपदी काळी कशी दिसेल?” आता द्रौपदीचे नावच कृष्णा, आणि ते तिच्या वर्णावरून पडलेले. मी तसे म्हटले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “ते खरं हो, पण प्रेक्षकांना कुठं ठाऊक असतं?” हे संभाषण मी पुष्कळदा आठवले आहे. सत्य आम्हा दोघींना ठाऊक होते, आणि ते ठाऊक नसलेल्यांच्या सोयीसाठी आम्ही ते पुसायला बसलो होतो.

मी कुंचला खाली ठेवला असता तर लेख येथे सोपा झाला असता. पण तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, “बाई, करा ना गोरं.” आता काय करावे? चेहरा तिचा, इच्छा तिची. ती इच्छा खरोखर तिची होती काय, असा प्रश्न विचारता येतो. दहा-अकरा वर्षांत तिने घरी, दारी, जाहिरातींत जे ऐकले तेच तिच्या तोंडून बोलत होते, असेही म्हणता येते. परंतु अशा रीतीने पाहिले तर आपल्यापैकी कोणाची कोणती इच्छा आपली राहील? दुसऱ्याची इच्छा ‘खरी तुझी नाहीच’ असे सांगून बाजूला सारणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती सगळीच काही सुधारक नव्हती. मी तिला द्रौपदीच्या नावाचा अर्थ सांगितला. राम कोणत्या रंगाचा आणि कृष्ण कोणत्या, हेही सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग थोडंच लावा.” मी थोडेच लावले. त्या ‘थोडंच’मध्ये माझा विजय नव्हता आणि बाईंचाही नव्हता. तो त्या मुलीचा स्वतःचा असा पहिला निर्णय असावा, एवढेच मला वाटते; आणि कुंचल्याने यापलीकडे काही करू नये, असेही वाटते.

या प्रसंगानंतर मी नाट्यशास्त्रातला आहार्य अभिनयाचा भाग पुन्हा काढून वाचला. भरताने मूळ रंग चार सांगितले आहेत: पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा. यांच्या मिश्रणातून बाकीचे रंग होतात. त्यात ‘गौर’ कशाने होतो म्हणून पाहावे, तर तांबडा आणि पिवळा मिळून. पांढऱ्याचा त्यात थेंब नाही. पांढऱ्यात पिवळा मिसळला की होतो तो पांडू, फिकुटलेला. म्हणजे ज्या गोरेपणासाठी आमच्या रंगपटांत पांढऱ्या रंगाचे डबे रिकामे होतात, तो भरताच्या हिशेबाने गोरेपणाच नव्हे. तांबूस-पिवळा म्हणजे उन्हातून आलेल्या, रक्त वाहत असलेल्या माणसाचा रंग. हा शब्द आपल्याकडे राहिला आणि त्यातला रंग मात्र बदलून गेला.

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड: हे केस कोणाचे?

डोळ्याची बारीक रेघ काढण्यासाठी चित्रकाराचाच टोकदार कुंचला वापरण्याची आमची जुनी चाल आहे. काही वर्षांपूर्वी असा कुंचला घ्यायला एका बाजारात गेले असता दुकानदाराने आधी दोनचार नायलॉनचे दाखवले, मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला आणि म्हणाला, “बाई, मुंगसाचा आहे, अस्सल. देऊ?” मी नको म्हटले. पण त्याचा तो खाली आलेला आवाज माझ्या लक्षात राहिला आहे. ज्या वस्तूची किंमत मोठ्याने सांगता येत नाही, तिची किंमत रुपयांत पुरी होत नसते, हे विकणाऱ्याला कळत होते आणि घेणाऱ्यालाही कळते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला अभय दिले आहे. त्याला मारणे आणि त्याच्या केसांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. तरी २०१९ साली केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने पाच राज्यांत छापे घातले (त्यांत महाराष्ट्र होता) तेव्हा मुंगसाच्या केसांचे ५४ हजारांहून अधिक कुंचले आणि ११३ किलो कच्चे केस हाती लागले. एका मुंगसापासून सुमारे ४० ग्रॅम केस मिळतात, आणि त्यांतले निम्मेच कुंचल्याच्या कामी येतात. हिशेब केला तर नुसत्या त्या कच्च्या केसांमागे तीन हजारांच्या घरात मुंगसे उभी राहतात. उभी राहतात म्हणायचे; ती आता कोठेच उभी नाहीत.

यावर एक बाजू अशी मांडली जाते की, उत्तम कलेला उत्तम साधन हवे आणि मुंगसाच्या केसाची लवचीकता कशालाच येत नाही. हे अगदी खोटे नाही. तो केस चांगला असतो. पण ‘चांगला’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि सोयीनुसार एकातून दुसऱ्यात घसरतो. चाकू चांगला म्हणजे धारदार. माणूस चांगला म्हणजे धारदार नव्हे. कुंचला चांगला आहे म्हणून तो घेणे चांगले, हे अनुमान तर्काच्या पहिल्या इयत्तेतही नापास होईल.

दुसरी बाजू मात्र विचार करायला लावते. ती म्हणते, नायलॉन तरी कोठे निष्पाप आहे? १९३८ साली अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीचे नायलॉनचे केस दात घासण्याच्या ब्रशात आले आणि डुकराच्या राठ केसांची गरज संपत चालली. परंतु हा धागा खनिज तेलातून येतो आणि टाकून दिल्यावर मातीत मिसळत नाही. मुंगूस वाचले तरी नदी वाचतेच असे नाही. हे खरे आहे. पण यावरून ‘सगळेच सारखे, मग काहीही घ्या’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला आळशी वाटतात. पूर्ण निर्दोष साधन नाही, याचा अर्थ सर्व साधने सारखीच सदोष आहेत असा होत नाही. कमी दोषाचे साधन घ्यावे, ते नीट धुऊन पुसून दहा वर्षे टिकवावे आणि वीस कुंचल्यांची हौस पाचांवर भागवावी. एवढे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. जपानात हिरोशिमा प्रांतात कुमानो नावाचे कुंचलेकारांचे गाव आहे. महायुद्धानंतर शाळांतून सुलेखन गेले, तेव्हा अक्षरांचे कुंचले करणारे हे लोक चित्रांच्या आणि प्रसाधनाच्या कुंचल्यांकडे वळले. तेथे चांगल्या कुंचल्याच्या केसांची टोके कापत नाहीत. केस असे रचतात की आकार आपोआप येतो. २०११ साली जपानच्या स्त्रियांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने त्यांच्या सन्मानात हेच प्रसाधनाचे कुंचले भेट दिले. एक कुंचला आयुष्यभर जपावा, ही वृत्ती ज्या समाजात असते तेथे केस कोणाचे हा प्रश्नही निदान विचारला तरी जाईल.

मुंगसाचा विषय निघाला की मला पंचतंत्रातली ती गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. ब्राह्मणीच्या तान्ह्या मुलाला वाचवण्यासाठी मुंगसाने साप मारला आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने ते तिच्या स्वागताला दारात आले. तिने ते लाल तोंड पाहिले, आपले मूल याने खाल्ले असे ठरवले आणि त्याला ठार केले. चेहऱ्यावरच्या रंगावरून केलेल्या न्यायाची याहून भयंकर कथा मला माहीत नाही. त्या तोंडावरचा रंग खोटा नव्हता. ते खरेच रक्त होते. चूक पाहणारीच्या घाईची होती. रंगभूषेला जे लबाडी म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, माणूस फसतो तो बहुधा दुसऱ्याच्या रंगाने नव्हे. त्या रंगाचा अर्थ आपण आधीच ठरवून ठेवलेला असतो, म्हणून फसतो.

हा आधीच ठरलेला अर्थ आमच्या समाजात सर्वांत घट्ट बसला आहे तो कुंकवाला. माझे यजमान गेले त्या दिवशी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या कपाळावरून तळहात फिरवला. कुंकू लावायचे म्हटले तर मेण लागते, करंडा लागतो, आरसा लागतो, बोट स्थिर असावे लागते. पुसायला काहीच लागत नाही. त्या बाई रडत होत्या; त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याच दिवसापासून माझ्या बोटाला मात्र एक गुण चिकटला. त्या बोटाने कोणा सवाष्णीला कुंकू लावायचे नाही, असे कोणी मला सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही.

त्याच वर्षी आमच्या मंडळाचा प्रयोग होता. नायिका पहिल्या अंकात नववधू. तिच्या कपाळावरची चंद्रकोर आणि मळवट मी काढला, नेहमीसारखा, कुंचल्याने. तिची आई शेजारी वेणी हातात धरून बसली होती. तिने ते पाहिले आणि कौतुकाने म्हणाली, “काय सुरेख आलीय कोर!” पुढे संक्रांतीला त्याच घरी हळदीकुंकू झाले. गल्लीतल्या साऱ्याजणी गेल्या. माझ्याकडे लहान मुलाच्या हाती तिळगुळाची पुडी आली. त्या माउलीचा राग मला कधी आला नाही. आजही आमचे जाणेयेणे आहे. पण प्रश्न राहिलाच. हात तोच, कपाळ तेच, रंगही तोच. मग मधल्या त्या चार इंची काडीने काय बदलले?

पहिले उत्तर असे सुचते की, नाटकातले कुंकू खोटे, म्हणून त्याला शकुन-अपशकुन नाही. पण मग खोटी तिरडी रंगमंचावर आणताना नटमंडळी नारळ का फोडतात? नाटकाला आपण इतके खोटे मानत नाही. दुसरे उत्तर असे की, कुंचला मध्ये आला म्हणून स्पर्श झाला नाही. असे असेल तर जो अपशकुन चार इंच लाकडाने अडतो, त्याला भिऊन बायकांनी आयुष्ये काढावीत एवढी त्याची योग्यता खास नाही. तिसरे उत्तर मला खरे वाटते: रंगपटात मी विधवा नव्हते, रंगभूषाकार होते. कुंचल्याने मला एक पद दिले होते आणि त्या पदाकडे पाहताना लोकांना माझ्या कपाळाची आठवण राहिली नाही. साधनाची ही मोठी शक्ती आहे. ते माणसाला त्याच्या जन्मातून आणि नशिबातून घटकाभर सोडवते आणि त्याच्या कामावरून ओळखायला लावते.

म्हणूनच साधन कोणाच्या हाती द्यायचे नाही, याचे नियम करणारे लोक चांगलेच हुशार असतात. हिंदी चित्रपटसृष्टीत कित्येक दशके स्त्रियांना रंगभूषाकाराचे कार्ड मिळत नसे. त्यांनी केस करायचे, चेहरा पुरुषांनी रंगवायचा, असा कामगार संघटनेचा नियम होता. चारू खुराना यांनी दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाविरोधी ठरवला. स्त्रियांचे चेहरे रंगवण्याचे काम स्त्रियांना करू देण्यासाठी स्वातंत्र्यानंतर सदुसष्ट वर्षे लागली. मला हौशी रंगमंचावर कोणी अडवले नाही, त्याचे कारण आमच्या गावचे पुरोगामित्व नव्हे. तेथे मोबदला नव्हता, एवढेच.

पण कुंचल्याने दिलेले हे पद पुरेसे आहे काय? माझ्या हाती कुंचला असेतोवर माझा मान, आणि तो खाली ठेवला की मी पुन्हा दाराबाहेर, ही व्यवस्था मला पटत नाही. कामाचा आदर करून माणसाला वगळणे, हा आपल्या समाजाचा जुनाच वाकबगारपणा आहे. मूर्ती घडवणाऱ्याला गाभाऱ्याबाहेर ठेवणारे, चामड्याचा मृदंग चालणारे आणि चामडे कमावणारा न चालणारे आपणच. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की, पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. पुढे राज्य सरकारनेही इतर गावांना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावाने मन बदलते असे नाही, हे मी शिक्षिका असल्यामुळे जाणते. परंतु त्या ठरावात मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. तो रंगाविषयी नव्हता. कुंकू शुभ की अशुभ, खरे की खोटे, या वादात ते गाव पडलेच नाही. त्याने एवढेच म्हटले की, दुसऱ्याच्या कपाळावर तिच्या मनाविरुद्ध हात फिरवायचा नाही.

माझ्या सबंध म्हणण्याचे सार याहून निराळे नाही. रंगलेला चेहरा खोटा असतो असे मला वाटत नाही. ज्याने रंग लावून घेतला तो रात्री खोबरेल तेलाचा बोळा फिरवून तो स्वतःच्या हाताने उतरवू शकतो. जे आपल्या इच्छेने चढते आणि आपल्या इच्छेने उतरते त्याला लबाडी म्हणणे अन्याय आहे. लबाडी, किंबहुना हिंसा, सुरू होते ती दुसऱ्याने चढवलेल्या आणि दुसऱ्याने पुसलेल्या रंगापाशी. तेव्हा चेहरा पाहून प्रश्न विचारण्याऐवजी हाताकडे पाहून विचारावेत: या हाताला येथे कोणी बोलावले? त्यातल्या हत्याराची किंमत कोणी मोजली? आणि पुढच्या माणसासाठी तो धुतला आहे काय?

कुंचला मला प्रिय आहे. त्याने मला दुसऱ्याच्या चेहऱ्याशी बेताने वागायला शिकवले: हलका हात, मागे धरलेला दांडा, समोरच्याचे मिटलेले डोळे उघडेपर्यंत थांबण्याची सवय. पण ही शिकवण शेवटी बोटात उतरली पाहिजे. माझ्या बोटाने लावलेले कुंकू एखाद्या मुलीने मान वर करून, डोळे मिटून, सहज घ्यावे, आणि तिच्या आईला त्यात काही लक्षात ठेवण्याजोगे वाटू नये, असे दिवस यावेत अशी माझी इच्छा आहे. अलीकडे दोघीतिघींनी तसे लावून घेतले आहे. गावाच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण ‘थोडंच लावा’ म्हणणाऱ्या त्या मुलीची आठवण ठेवून मी तो कमी समजत नाही.